डबीवरचा संशय

पोटरीला आलेल्या भाताचा एक कोवळा, दुधाळ वास असतो. तो अंगणापर्यंत आला की समजावं, चतुर्थी जवळ आली. घरचा पाट गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात तिथे, जाऊन पडलेला असतो, मूर्तिकाराला कधीही विचारा, तो "होतला, होतला" एवढंच म्हणतो, आणि दुपारी वाडीतल्या कुठल्या ना कुठल्या पडवीतून झांजेचा आवाज यायला लागतो. आमच्या पडवीत पेटी निघते. तिच्यावर गुंडाळलेलं जुनं लुगडं सोडून भाता हलवला की आधी नुसती हवा येते, मग सूर. परवा या वर्षीची पेटी निघाली. पेटीबरोबर हल्ली कपाटातून आणखी एक वस्तू निघते. काडेपेटीएवढी, काळी, एका बाजूने बोटभर वायर लोंबणारी. तिच्याकडे बघितलं की मला गेल्या वर्षीची चतुर्थी आठवते.

मी आमच्या वाडीच्या महिला भजन मंडळाची बुवा. बाईमाणसाला बुवा म्हणतात म्हणून हसू नका. पेटीवर बसून जो पहिला सूर लावतो तो आमच्याकडे बुवा, मग तो लेंग्यात असो की लुगड्यात. अंगणवाडीतली नोकरी करता करता मी पेटी शिकले, मसुऱ्यापासून मालवणपर्यंत घराघरांतून गायले, आणि ती जागा मी कुणाच्या मेहेरबानीने मिळवलेली नाही.

आणि दुसरं म्हणजे मी संशयी आहे. हे मी लपवत नाही. बाजारात सुरमईचा कल्ला उचलून बघितल्याशिवाय मी पिशवीचं तोंड उघडत नाही. नारळ कानाशी धरून हलवते, फणसावर बोटं वाजवते, मातीचं मडकं टिचकी मारून ऐकते. कोळीण म्हणते, "गे बाय, आता माशाक पण इचारतंस काय, कधी मेलंस म्हणान?" विचारीन, त्यात काय! आमच्या या किनाऱ्यावर निम्म्या वस्तूंचं खरंखोटं कानानेच कळतं. डोळ्यांना कुणीही फसवावं, रंग लावावा, पाणी मारावं. कानाला फसवणं कठीण, असं मी तोवर समजत होते.

डबी आली ती फोनमुळे. नवा फोन घेतला आणि बघते तर हेडफोन खुपसायचं गोल भोकच नाही! जुन्या फोनवर मी भजनांच्या चाली ऐकायची, त्या बसवायची. आमच्या ह्यांना निवृत्त होताना ऑफिसातल्या मंडळींनी एक जाडजूड हेडफोन दिला होता, कानांवर उशा ठेवल्यासारखा. तो मीच ढापला होता. आता तो जोडायचा कुठे? बाजारातून एक साधी पिन आणली. तिच्यातून आवाज आला तो विहिरीच्या तळातून कुणी हाका मारत असल्यासारखा. फोनवर आवाजाची पट्टी शेवटपर्यंत सरकवली तरी तेच.

मग हे लागले अभ्यासाला. माणूस आयुष्यभर सरकारी कचेरीत फायली हलवत बसलेला, पण एखादं यंत्र घ्यायचं म्हटलं की त्यांना चढतं. चार दिवस त्या फोनवर कोण कोण तरुण पोरं टेबलावर फोन आणि हेडफोनच्या मधे लावायच्या, आवाज सुधारणाऱ्या डब्या मांडून बोलत होती. ह्या डबीचा आवाज उबदार, त्या डबीचा थंड. अमकीत पोकळी आहे, तमकीत खोली आहे. आवाज म्हणजे काय भाड्याने द्यायचं घर आहे? त्यातला एक तर छातीवर हात ठेवून सांगत होता की, स्वस्तातली असली तरी ही डबी लावलीत की गाण्यातला प्रत्येक आवाज वेगळा उभा राहतो.

"आयकलंस?" हे म्हणाले. "परत्येक आवाज येगळो."

"त्येका डबी फुकट गावली असतली, म्हणान बोलता," मी म्हटलं. "आपण इकत घेतली की सगळे आवाज परत एका जाग्यार जातले."

तरी त्यांनी मागवली. कुरियरवाल्याने आमच्या वाडीपर्यंत यायचं नाकारलं, नाक्यावर या म्हणाला. हे छत्री घेऊन गेले आणि एवढंसं खोकं घेऊन आले. मी आधी खोकं हलवून बघितलं. मग चिकटपट्टी बघितली, कुणी उघडून पुन्हा चिकटवली आहे का. आत डबी, वायर आणि घडी केलेला एक कागद, त्यावर मुंगीएवढ्या अक्षरांत दहा भाषा आणि त्यांत मराठी नाही. डबीवर एक बटण होतं, आवाजाचा जोर कमी-जास्त करायचं. डबी हातात एवढी हलकी की आत काही आहे की नुसतंच प्लास्टिक, हा पहिला संशय मी तिथल्या तिथे बोलून दाखवला.

परीक्षा मी पडवीत घेतली. फोनला डबी लावली, डबीला हेडफोन. लावताक्षणी कानात असा टक्क आवाज झाला की मी हेडफोन झोपाळ्यावर फेकला. पहिला गुण वजा. पुन्हा घातला. गाणं लावलं नव्हतं तरी मागे बारीक सूंऽऽ चालू, गावठी भाषेत सांगायचं तर तापल्या तव्यावर पाण्याचा थेंब. बटण खाली केलं तर ते सूं गेलं. बरं, मग जोराचं बटण कशाला दिलंय? तर या जाड हेडफोनला ते लागतंच, हे ह्यांनी कागद न वाचता सांगितलं. थोड्या वेळाने डबी गरम झाली. फोनची बॅटरी बघितली तर अर्ध्यावर. मी पदराने डबी उचलून ह्यांना दाखवली, "ह्या बघा, ताप इलो हेका." जवळ दुसरा फोन वाजला तर हेडफोनात टुर्रऽ टुर्रऽ असं काहीतरी व्हायचं. मी एकेक दोष काढत होते आणि मला खरं सांगायचं तर बरं वाटत होतं. आपला संशय खरा निघाला की माणसाला जेवण गोड लागतं.

पण मग मृदंगाचं एक वादन लावलं आणि माझं दोष काढणं थांबलं. उजव्या हाताची थाप वेगळी, डाव्या तोंडाला लावलेल्या कणकेचा घुमारा वेगळा, आणि दोन्हींच्या मधे वादकाने घेतलेला श्वास. श्वास! तो मला आयुष्यात ऐकू आला नव्हता. मी डोळे मिटून बसले. हे समोर उभे राहून माझं तोंड वाचत होते. मी मुद्दामच नाक मुरडलं. एवढ्यात कशाला कबूल करायचं?

शालनबद्दल इथेच सांगून टाकते, कारण त्या दिवसांत डबीपेक्षा जास्त संशय मला तिचा होता. शालन माझी धाकटी जाऊ. आमच्या मंडळात कोरसला. बुवाने ओळ म्हणायची आणि कोरसने ती झेलायची, ही आमची रीत. कोरस मागे बसतो, झांजा घेऊन. शालनही मागेच बसायची, खांबाला टेकून. गायची नीट, पण कधी पुढेपुढे करणं नाही. आणि डबी यायच्या दोन वर्षं आधी, एका चतुर्थीला ही बया उठली आणि माझ्या उजव्या हाताला, खांद्याला खांदा लावून येऊन बसली. तिथून हलेचना. घरोघरी तेच. मी म्हटलं, "मागे जागा नाय काय गो?" तर म्हणते, "थयसर वारो लागता, वयनी." पडवीत कसला वारा लागतो मेला? बाकीच्या बायका एकमेकींकडे बघायच्या आणि मी बघितलं की झांजेची दोरी बांधायच्या. मी काय कच्च्या गुरूची चेली नव्हे. उजव्या हाताला बसणारी उद्या पेटीवर हात ठेवते, हे मी दोन मंडळांत डोळ्यांनी बघितलेलं. माझ्या गुडघ्यांना आता खाली बसायला वेळ लागतो. बायका बुवा बदलायच्या बेतात आहेत, आणि ती जागा माझ्याच घरातली घेणार, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. ती जागा गेली तर मी कोण? शेजारच्या घरी गणपतीला उसळ वाढणारी एक म्हातारी, बस्स.

त्याच संशयाने मी आदल्या वर्षीचं आमचं रेकॉर्डिंग काढलं. ह्यांनी फोनवर केलेलं, शेजारच्या घरच्या गणपतीपुढचं. फोन पाटाच्या कडेला ठेवलेला, माझ्या आणि शालनच्या मधे. मला बघायचं होतं की ती काय करते, मोठ्याने गाते का, माझ्यावर चढते का. साध्या फोनवर ते मी कितीदा ऐकलं होतं. माझाच आवाज, खणखणीत. वरच्या पट्टीतला गजर तर असा लागलेला की मलाच माझं कौतुक वाटायचं. पाहुणे आले की मी तो मुद्दाम लावायची.

दुपारची वेळ. हे जेवून आडवे झालेले. मी डबी लावली, हेडफोन चढवला आणि गजर सुरू केला.

खालच्या ओळी ठीक होत्या. पेटी, मृदंग, मी, मागे झांजा, कुणाचं तरी खोकणं, समईपुढे सरकलेल्या ताटाचा खरखराट. मग गजर वर चढला आणि माझा आवाज फाटून दोन झाला.

मी थांबवलं. बरी सापडलीस, म्हटलं. ही डबी आवाज दोनदा काढते! पुन्हा लावलं. पुन्हा दोन. मला उलट आनंदच झाला, वस्तू खोटी निघाली, उद्याच परत पाठवायची. पण संशयी माणसाचं वाईट हे की त्याला अर्ध्यावर थांबता येत नाही. डबी जर आवाज दुप्पट करत असेल तर मृदंगही दुप्पट व्हायला हवा होता, खोकलाही. तो एकच होता. मी दुसरं गाणं लावून बघितलं, नीट. डबी काढून साधी पिन लावली, तर पुन्हा एकच आवाज, विहिरीतला. डबी लावली की दोन, आणि तेही फक्त वरच्या पट्टीत, फक्त मी एकटीने म्हणायच्या ओळीत, जिथे कोरसने तोंड उघडायचं नसतं.

एक आवाज उजवीकडून येत होता. बारीक, दाबलेला, पण सुरात. तो शालनचा. दुसरा माझा.

माझा सुराच्या अलीकडेच बसत होता. जोर लावून, थरथरत, पोचायला बघत होता आणि पोचत नव्हता. मी पेटी ओढली. वरची पट्टी दाबून धरली. पेटी आणि शालन एक, मी खाली. मग मी पेटीवर संशय घेतला, हवेने सूर उतरला असेल. मग हेडफोन उलटा घातला, डावा कान उजवीकडे. मग चष्मा पुसला, जसं काही मी बघत होते. काय काय केलं त्या दुपारी, देवालाच माहीत. प्रत्येक वेळी तीच शालन माझ्या आवाजाखाली हात घालून त्याला उचलून धरत होती, आणि ओळ संपली की लगेच गप्प होत होती, कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून.

तो टेबलामागचा पोरगा खरं बोलत होता. प्रत्येक आवाज वेगळा उभा राहतो. जळ्ळं त्याचं तोंड.

मी रडले. डबी पोळेपर्यंत ऐकत होते आणि रडत होते. माणसाचा आवाज उतरतो हे मला काय ठाऊक नव्हतं? दुसऱ्यांचे उतरलेले मी लगेच ओळखायची आणि घरी येऊन नक्कलही करून दाखवायची. पण स्वतःचा आवाज आपल्याला आतून ऐकू येतो, हाडांतून, आणि आत तो तरुणच असतो.

हे उठून आले तेव्हा मी हेडफोन गळ्यात घालून बसले होते. ह्यांना काही सांगावं लागलं नाही. लावलेला गजर कुठला ते बघितलं आणि जिन्याच्या पायरीवर बसले.

"तुमका ठावक होता?" मी विचारलं.

"व्हय."

"कोणाकोणाक?"

"सगळ्यांक. शालनान सांगल्यान, कोणी काय बोला नकात, मी बसतंय बाजूक."

"आणि तुमी ही डबी म्हणान हाडलास?"

"नाय गो! देवाशपथ. तुका चाली आयकूक येय नाय होते, म्हणान."

त्यावर मी विश्वास ठेवलेला नाही. अजूनही ठेवत नाही. या माणसाने चार दिवस अभ्यास केला होता.

त्यानंतरचे काही दिवस मी कसे काढले! गणपतीच्या डोक्यावर टांगतात त्या माटवीला बांधायची हिरवी फळं, कांगलांची रानफळं, हरणाची पिवळी फुलं गोळा करत रानातून फिरायची आणि मनात राग. कुणाचा ते कळेना. शालनचा म्हणावा तर तिने काय वाईट केलं? पण दया केली, याचा राग येतोच. आपण ज्याला आपलं कर्तृत्व म्हणून मिरवतो ते दुसऱ्या कुणी गुपचूप सावरलेलं निघालं तर त्याचं कौतुक करायला मोठं मन लागतं, आणि माझं तेवढं नाही. वाटलं, पेटी देऊन टाकावी. वाटलं, काहीच माहीत नसल्यासारखं करावं, ती बसेल बाजूला, मी गाईन, जसं चाललंय तसं चालू दे. तेही एकदा सूर लावून बघितलं. पण एकदा दोन आवाज ऐकू आले की ते पुन्हा एक होत नाहीत.

शेवटी तालमीच्या दिवशी मी शालनला इतर बायका यायच्या आधी बोलावलं. ती हातात भाजलेल्या शेंगांची पिशवी घेऊन आली, नेहमीसारखी पायातल्या चपला एकावर एक काढून. मी हेडफोन तिच्या डोक्यावर चढवला आणि गजर लावला.

मी तिचा चेहरा बघत होते. आधी ती हसली, मृदंग ऐकून. "अगो बाय, कसा वाजता!" मग गजर वर चढला. तिचं हसू तिथेच राहिलं, पण डोळे बदलले. तिला तिचा आवाज सापडला होता. आणि माझाही. तिने हेडफोन काढला नाही. ओळ संपेपर्यंत ऐकलं, मग हळूच काढून मांडीवर ठेवला आणि त्या डबीकडे असं बघितलं की तसं मी सुरमईकडेही कधी बघितलं नसेल.

"वयनी," ती म्हणाली, "ह्यां खोटा बोलता."

"काय?"

"ही डबी. खोटी आसा ही. कोणाचो आवाज कोणाक लावता. स्वस्तातली वस्तू, हेचो काय भरवसो! परत धाडा बघू." बोलताना तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ती पदराने ते न पुसता डबीलाच शिव्या देत होती. "तुमी येवढ्या संशयी, आणि हेच्यार इश्वास ठेवतात?"

मला हसू आलं. खरंच आलं. जन्मभर जगावर संशय घेणारी मी, आणि माझ्यापुढे ही बाई, जिला साधं खोटं बोलता येत नाही, माझ्यासाठी एका यंत्राला खोटं ठरवत बसलेली. मी तिचा हात धरला. शेंगांनी काळा झालेला, गरम.

"परत धाडूची नाय," मी म्हटलं. "सूं करता, तापता, बॅटरी खाता. पण खोटा नाय बोलणा."

"वयनी, पेटीर तुमीच बसाक व्हयी हां. मी बसूचंय नाय. सांगून ठेवतंय."

"कोण तुका देता पेटी? माझी बोटां काय मोडली?" माझा आवाज मला हवा होता त्यापेक्षा जरा जोरात निघाला. "पेटी माझी. खालच्या ओळी माझ्या. वरचो गजर तू घे."

"मी? सगळ्यांच्या म्होरल्यान?"

"मगे काय चोरून? दोन वर्सां चोरूनच गायलंस मां? आता तोंड उघडून गा. सगळ्यांका कळांदे."

बाहेर बायकांच्या चपला वाजायला लागल्या होत्या. कुणीतरी पायरीवरूनच विचारलं, चहा ठेवला का म्हणून. शालनने घाईघाईने तोंड पुसलं आणि सवयीने माझ्या उजव्या हाताला, खांद्याला खांदा लावून बसायला आली. मी तिला कोपराने ढकललं आणि समोर बोट दाखवलं, पेटीच्या पलीकडे, जिथून सगळ्यांना तिचं तोंड दिसेल. ती तिथे बसली. बायका एकेक करून आत आल्या, आणि शालन कुठे बसली आहे ते बघून झांजांच्या दोऱ्या बांधायला बसल्या.

मी भाता हलवला. खालच्या ओळी म्हटल्या. गजराची ओळ आली तशी मी तोंड मिटलं, नुसती वरची पट्टी दाबून धरली आणि शालनकडे बघितलं. पहिल्या वेळी तिचा आवाज थरथरला. मी पट्टी सोडली नाही. दुसऱ्या वेळी तो सरळ वर गेला, आणि तो जिथे जाऊन पोचला तिथे एके काळी मी होते, हे मला खाली बसून अगदी स्पष्ट ऐकू आलं.